स्मॉल एम की कॅपिटल एम? फिजिक्सची युनिट्स नीट वाचायची कशी

अकरावी-बारावीच्या मुलांच्या वह्या मी रोज तपासते, आणि चुकलेल्या गणितांपैकी कितीतरी गणितांत फॉर्म्युला बरोबर असतो, आकडेमोडही बरोबर असते, फक्त युनिट वाचतानाच घोळ झालेला असतो. मिलीला मेगा वाचलेलं असतं, मायक्रोला मिली वाचलेलं असतं, नाहीतर वर्कचा डब्ल्यू आणि वॅटचा डब्ल्यू एकच समजलेला असतो. मग मुलं म्हणतात, मॅडम सिली मिस्टेक झाली. मला हा शब्दच पटत नाही. ती सिली नसते, ती वाचता न येण्याची चूक असते, आणि वाचायला शिकता येतं. म्हणून हे लिहायला घेतलंय. अक्षरं मी मुद्दाम नावानेच लिहिणार आहे, स्मॉल एम, कॅपिटल एम अशी, कारण सगळी मेख तोंडाने पूर्ण उच्चार करण्यातच आहे.

तर पहिलं काम. गणित हातात आलं की लगेच फॉर्म्युल्यात आकडे टाकायला बसायचं नाही, आधी प्रत्येक युनिट पूर्ण नावाने वाचायचं, शक्य असेल तर मोठ्याने, परीक्षेत असाल तर मनात. '५०० एम ए' असं नाही, 'पाचशे मिलीॲम्पियर' असं. 'एम ए' म्हटलं की जिभेला पळून जायला वाव मिळतो, मिली आहे की मेगा आहे ते ठरवावंच लागत नाही. 'मिलीॲम्पियर' म्हणायचं तर ठरवल्याशिवाय म्हणताच येत नाही.

एक गणित जवळून बघू. १० सेंटिमीटर लांबीची तार ०.२ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात काटकोनात ठेवलीय, तिच्यातून ५०० मिलीॲम्पियर करंट जातोय, तिच्यावर फोर्स किती? बी (चुंबकीय क्षेत्र) गुणिले आय (करंट) गुणिले एल (लांबी), हे सगळ्यांना येतं. आता वाचा: पाचशे मिलीॲम्पियर म्हणजे ०.५ ॲम्पियर, दहा सेंटिमीटर म्हणजे ०.१ मीटर, आणि टेस्ला तर तसाच. ०.२ गुणिले ०.५ गुणिले ०.१, उत्तर ०.०१ न्यूटन, म्हणजेच १० मिलीन्यूटन. पर्यायांत ०.०१ न्यूटन नसतोच, तिथे '१०' च्या पुढे स्मॉल एम कॅपिटल एन, '१०' च्या पुढे कॅपिटल एम कॅपिटल एन, आणि '१०' च्या पुढे कॅपिटल एन स्मॉल एम असे तीन पर्याय ओळीने ठेवलेले असतात. पहिला मिलीन्यूटन, दुसरा मेगान्यूटन, तिसरा न्यूटन-मीटर, जो फोर्सच नाही, टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर आहे. माझ्याकडे एका हुशार मुलीने पूर्ण गणित बरोबर सोडवून दुसऱ्यावर खूण केली होती. मी तिला एवढंच विचारलं, दहा मेगान्यूटन म्हणजे किती किलोचं वजन गं? तिने कागदावर केलं, १० रेस टू ७ (म्हणजे १० चा सातवा घात) न्यूटन, भागिले साधारण १०, म्हणजे दहा लाख किलो, म्हणजे हजार टन. वीतभर तारेवर हजार टनांचा ओढा! ती स्वतःच पुन्हा पहिल्या पर्यायाकडे गेली. तेव्हापासून ती प्रत्येक उत्तर 'हे असू शकतं का' म्हणून एकदा डोळ्यांसमोर आणते, आणि ही सवय पाठांतरापेक्षा जास्त उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे.

आता कॅपिटल-स्मॉलचा नियम. तो एकदा समजला की निम्मा गोंधळ संपतो. युनिटला माणसाचं नाव असेल तर चिन्ह कॅपिटल: न्यूटनचा कॅपिटल एन, ज्यूलचा कॅपिटल जे, वॅटचा कॅपिटल डब्ल्यू, केल्विनचा कॅपिटल के, पास्कलचा कॅपिटल पी आणि त्याला जोडून स्मॉल ए. माणसाचं नाव नसेल तर स्मॉल: मीटरचा स्मॉल एम, सेकंदाचा स्मॉल एस, ग्रॅमचा स्मॉल जी. गंमत म्हणजे पूर्ण नाव इंग्रजीत लिहिताना मात्र न्यूटन, ज्यूल सगळे स्मॉल अक्षराने सुरू होतात, कॅपिटल फक्त चिन्हाला. अपवाद एकच लक्षात ठेवा, लिटर. लिटर कुणा माणसाचं नाव नाही, तरी त्याला कॅपिटल एल चालतो, कारण स्मॉल एल आणि एकचा आकडा छापलेला असला तरी सारखाच दिसतो, म्हणून १९७९ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कॅपिटल एललाही मान्यता दिली. मी तर मुलांना लिटर कायम कॅपिटल एलनेच लिहायला लावते.

यावरूनच कळतं की स्मॉल एस आणि कॅपिटल एस यांत केवढा फरक आहे. स्मॉल एस सेकंद, कॅपिटल एस सीमेन्स म्हणजे कंडक्टन्सचं युनिट, जुन्या पुस्तकांत ज्याला म्हो म्हणायचे. केल्विनचा के कॅपिटल, किलोचा के स्मॉल, म्हणून किलोग्रॅम लिहिताना कॅपिटल के काढला तर तपासणारा समजून घेईलही, पण चिन्ह म्हणून ते चुकीचंच.

पुढचा भाग प्रीफिक्सचा, म्हणजे युनिटच्या आधी लागणाऱ्या किलो, मिली वगैरेंचा, आणि इथे थांबून नीट बघायला हवं. किलो आणि किलोच्या खालचे सगळे स्मॉल अक्षरात: किलो, सेंटी, मिली, मायक्रो, नॅनो, पिको. मेगापासून वरचे सगळे कॅपिटल: मेगा, गिगा, टेरा आणि पुढचे. म्हणजे स्मॉल एम मिली आणि कॅपिटल एम मेगा. एक १० रेस टू मायनस ३, दुसरा १० रेस टू ६. दोघांत फरक हजारपटीचा नाही हं, अब्जपटीचा आहे, १० रेस टू ९. मुलं बऱ्याचदा म्हणतात 'तीन शून्यांचा फरक पडला मॅडम', तो नऊ शून्यांचा असतो.

आणि या दोघांच्या गोंधळात मायक्रोही भर घालतो. त्याचं चिन्ह म्यू हे ग्रीक अक्षर, घाईत हाताने लिहिलं की हुबेहूब एमसारखं दिसतं, म्हणून म्यू लिहिताना डावीकडची शेपटी ओळीच्या खाली स्पष्ट ओढा. टाइप करताना कीबोर्डवर म्यू सापडत नाही म्हणून लोक स्मॉल यू वापरतात, तो दिसला तर मायक्रोच समजायचा. पण खरी पंचाईत घरातल्या पंख्यात आहे. सीलिंग फॅन हळू फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन कपॅसिटर बदलतो, त्या छोट्या काळ्या-पांढऱ्या डबीवर '२.५ एमएफडी' छापलेलं असतं आणि दुकानातही लोक 'अडीच एमएफडीचा द्या' असंच मागतात. यातला एम मिली नाही आणि मेगाही नाही, तो मायक्रो आहे, मायक्रोफॅरडची ही जुनी पद्धत आहे आणि मार्केटमध्ये अजून टिकून आहे. अडीच मिलीफॅरड धरलं तर हजारपट चुकाल. प्रॅक्टिकलच्या लॅबमध्ये जुने कपॅसिटर हाती आले तर हे आठवा. छोट्या सिरॅमिक कपॅसिटरवर '१०४' असा नुसता आकडा असतो, तोही एकशे चार नव्हे, दहाच्या पुढे चार शून्यं आणि युनिट पिकोफॅरड, म्हणजे १,००,००० पिकोफॅरड, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड.

औषधांच्या स्ट्रिपवरही हाच प्रश्न आहे आणि तिथे तो मार्कांचा नाही, जिवाचा आहे. थायरॉइडच्या गोळीवर '५० एमसीजी' लिहिलेलं असतं, ते मायक्रोग्रॅम. हजार एमसीजी म्हणजे एक एमजी. म्यूने लिहिलेला मायक्रोग्रॅम हस्ताक्षरात मिलीग्रॅम वाचला जाण्याची भीती असते म्हणून औषधांत एमसीजी लिहायची पद्धत पडलीय. फिजिक्सच्या पेपरात मात्र मायक्रोग्रॅम म्यूनेच लिहायचा. आजी-आजोबांच्या गोळ्या तुम्ही आणत असाल तर स्ट्रिप एकदा पूर्ण उच्चार करून वाचाच.

आता प्रीफिक्सवर घात आला की काय होतं ते. 'स्क्वेअर सेंटिमीटर' दिसलं की मुलं १० रेस टू मायनस २ ने गुणतात आणि गणित तिथेच बसतं. घात फक्त मीटरवर नसतो, सेंटीसकट सगळ्यावर असतो. म्हणून एक स्क्वेअर सेंटिमीटर म्हणजे १० रेस टू मायनस ४ स्क्वेअर मीटर, एक क्युबिक सेंटिमीटर म्हणजे १० रेस टू मायनस ६, आणि एक क्युबिक मिलिमीटर म्हणजे १० रेस टू मायनस ९ क्युबिक मीटर. पटत नसेल तर कागदावर एक मीटरचा चौकोन काढल्याची कल्पना करा, एका बाजूला सेंटिमीटरचे १०० घर, दुसऱ्या बाजूला १००, एकूण १०,००० घर. यंग्ज मॉड्युलसच्या गणितांत तारेचा क्रॉस-सेक्शन नेहमी स्क्वेअर मिलिमीटरमध्ये देतात, तिथे १० रेस टू मायनस ६ घ्यायला विसरू नका.

यानंतर सगळ्यात फसवा प्रकार, एकच अक्षर कधी राशी (म्हणजे जी गोष्ट मोजायची ती) असतं आणि कधी युनिट. स्मॉल एम म्हणजे वस्तुमान, मीटर आणि मिली. स्मॉल जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण आणि ग्रॅमही. कॅपिटल सी म्हणजे कपॅसिटन्स आणि कूलोमही, वर छोटा गोल असेल तर अंश सेल्सिअस. कॅपिटल टी म्हणजे तापमान, टेन्शन, टाइम पीरियड, आणि युनिट म्हणून टेस्ला. कॅपिटल व्ही म्हणजे व्होल्टेज, व्हॉल्यूम, व्होल्ट. स्मॉल एच म्हणजे उंची, प्लँकचा स्थिरांक, तास, आणि प्रीफिक्स म्हणून हेक्टो, जो हवामानाच्या बातम्यांत हेक्टोपास्कल म्हणून भेटतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे एक मिलीबार.

छापील पुस्तकात हे ओळखायची सोय करून ठेवलेली असते, राशी तिरक्या अक्षरात आणि युनिट सरळ अक्षरात. पुस्तक उघडून आत्ता बघा, वस्तुमानाचा एम तिरका दिसेल आणि मीटरचा एम सरळ. कुणी सांगितल्याशिवाय हे लक्षात येत नाही, मलाही माझ्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. हाताने लिहिताना तिरकं-सरळ जमत नाही, म्हणून जागा बघायची. दिलेल्या किंवा काढलेल्या मापाच्या आकड्यापुढे आलंय? मग युनिट. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे किंवा फॉर्म्युल्यात आलंय? मग राशी. 'डब्ल्यू बरोबर ४० डब्ल्यू' असं वहीत दिसलं तर ते मुळातच चूक आहे, डावीकडचा डब्ल्यू वर्क असेल तर त्याचं युनिट ज्यूल, वॅट येऊच शकत नाही. आणि डायमेन्शनच्या चौकोनी कंसातले कॅपिटल एम, एल, टी हे तर युनिट नाहीतच, ते वस्तुमान, लांबी, वेळ. तिथे मेगा, लिटर, टेस्ला डोक्यात आणायचेच नाहीत.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेल्यांना आणखी एक अडचण असते आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मी जरा जास्त लिहिते. आपल्याकडे 'मी/से' मधला 'से' म्हणजे सेकंद. 'सेमी' मधला 'से' म्हणजे सेंटी. '२५° से' मधला 'से' म्हणजे सेल्सिअस. एकाच अक्षराला तीन अर्थ, आणि हे तिन्ही एकाच गणितात येऊ शकतात. तसंच 'मि' चं: 'मि.' म्हणजे मिनिट, 'मिमी' मध्ये मिली, आणि औषधाच्या बाटलीवरचं 'मिली' म्हणजे पूर्ण मिलीलिटर. ऱ्हस्व 'मि' आणि दीर्घ 'मी' घाईत सारखेच लिहिले जातात. तरीही ही मुलं दहावीपर्यंत बरोबर वाचत आलेली असतात, कारण मराठी नाव पूर्ण म्हणायची सवय असते, 'मीटर प्रति सेकंद' हे तोंडात बसलेलं असतं. अकरावीत पुस्तक इंग्रजी झालं की ती सवय सुटते आणि नुसती अक्षरं उरतात. तर ती सवय सोडू नका. इंग्रजी चिन्ह बघा आणि मनात मराठीत वाचा, काही बिघडत नाही. माझ्याकडची बरीच मुलं सुरुवातीचे दोन महिने पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने पूर्ण नाव लिहितात, मग आपोआप गरज संपते.

जागा सोडण्याचंही महत्त्व आहे. स्मॉल एम, मग थोडी जागा, मग एस रेस टू मायनस १, हे मीटर प्रति सेकंद. तेच एम आणि एस चिकटवून लिहिले तर नियमाप्रमाणे ते मिलीसेकंद होतं आणि मायनस १ मुळे 'प्रति मिलीसेकंद'. म्हणून दोन युनिट्सचा गुणाकार असेल तर मध्ये जागा किंवा टिंब द्या, आणि प्रीफिक्स मात्र युनिटला चिकटवून लिहा. न्यूटन-मीटर लिहिताना न्यूटन आधी लिहायचा तो यासाठीच, मीटर आधी लिहिला की मिलीन्यूटन दिसतो.

भागाकार आणि गुणाकाराची गल्लत वीजबिलात सगळ्यात जास्त होते. किलोवॅट म्हणजे पॉवर, किलोवॅट-अवर म्हणजे एनर्जी, आणि बिलावरचं 'एक युनिट' म्हणजे एक किलोवॅट-अवर, म्हणजे ३६ लाख ज्यूल. २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट पडतं. किलोवॅटला तासाने गुणायचं आहे, भागायचं नाही, म्हणून 'किलोवॅट पर अवर' असं म्हणणं चूक. मोबाइलच्या बॅटरीवरचं मिलीॲम्पियर-अवर तर एनर्जीही नाही, ते चार्ज आहे. ५००० मिलीॲम्पियर-अवर म्हणजे ५ ॲम्पियर-अवर, ३६०० सेकंदांनी गुणलं की १८,००० कूलोम.

उलट चूक पावसाळ्यात बातम्यांत ऐकू येते, 'धरणातून प्रतिसेकंद दहा हजार क्युसेक विसर्ग'. क्युसेक म्हणजेच घनफूट प्रति सेकंद, 'प्रति सेकंद' त्यात आधीच आहे. एक घनफूट साधारण २८.३ लिटर, म्हणजे दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ २ लाख ८३ हजार लिटर. आणि टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन क्युबिक फीट, शंभर कोटी घनफूट, तो साठा आहे, वेग नाही. दहा हजार क्युसेकने पूर्ण दिवस पाणी सोडलं तर ८६,४०० सेकंदांत ८६.४ कोटी घनफूट, म्हणजे साधारण ०.८६ टीएमसी. कोयनेची क्षमता साधारण १०५ टीएमसी आहे, आता स्वतः करून बघा एवढ्या विसर्गाने धरण किती हलकं होतं. मी वर्गात साठा आणि प्रवाह यांतला फरक याच गणिताने शिकवते, पॉवर-एनर्जीपेक्षा मुलांना हे पटकन कळतं.

लिहिताना बाकीचं थोडक्यात. चिन्हाला अनेकवचन नसतं, किलोग्रॅमच्या चिन्हापुढे एस लावला की तो सेकंद होतो. चिन्हानंतर टिंब नाही, वाक्य संपत असेल तरच. सेकंदाला 'एस ई सी' नाही, नुसता स्मॉल एस. केल्विनला अंशाचा गोल नाही, तो १९६७ सालीच काढून टाकलाय, ३०० केल्विन एवढंच. आकडा आणि युनिट यांच्यात जागा. बोर्डाच्या पेपरात उत्तराला युनिट नसेल तर मार्क जातो आणि 'नीट' या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत चुकीच्या पर्यायाला एक मार्क वजा, म्हणून शेवटच्या ओळीवर दहा सेकंद द्या.

आता सरावाला काही देते. १: स्मॉल एन, स्मॉल एम चिकटून. २: कॅपिटल एन, जागा, स्मॉल एम. ३: स्मॉल एम, स्मॉल ई, कॅपिटल व्ही चिकटून. ४: कॅपिटल एम, स्मॉल ई, कॅपिटल व्ही चिकटून. ५: कॅपिटल ए च्या डोक्यावर छोटा गोल. ६: '४' आणि '७' यांच्या मधोमध स्मॉल के, रेझिस्टरवर छापलेला.

उत्तरं. नॅनोमीटर. न्यूटन-मीटर. मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट. मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, तिसऱ्याच्या अब्जपट. अँगस्ट्रॉम, १० रेस टू मायनस १० मीटर, गोल नसता तर ॲम्पियर झाला असता. आणि शेवटचं ४.७ किलोओहम, तिथे के हा प्रीफिक्सही आहे आणि दशांशचिन्हाच्या जागीही तोच बसलाय, कारण एवढ्याशा रेझिस्टरवर टिंब पुसलं गेलं तर ४.७ चे ४७ होतील.